मामा नसताना सिग्नलला कोण थांबतं?

वाहतुकीचा एक नियम असा आहे, जो पाळायला लावण्यासाठी चौकात मामा, म्हणजे वाहतूक पोलीस, उभा करावा लागत नाही. समोरून वाहन येत असेल तर आपण आपल्या डाव्या अंगाला राहायचं. हेल्मेट आरशाला लटकवून जाणारा, ट्रिपल सीट बसवणारा, पिवळा दिवा दिसताच गाडी दामटणारा, सगळे हा नियम मुकाट पाळतात. त्याच मंडळींना झेब्रा पट्ट्यांच्या अलीकडे थांबायला सांगा, शंभर सबबी निघतील.

म्हणून ‘आपल्या लोकांना शिस्तच नाही’ हे उत्तर फारसं कामाचं नाही. एकच माणूस एकाच फेरीत चार नियम पाळतो आणि तीन मोडतो. लष्करी भागाच्या फाटकाशी तो थांबून हेल्मेट चढवतो, हनुवटीखालचा पट्टाही लावतो, आणि बाहेर पडला की दोनशे मीटरवर ते काढून पुन्हा हँडलला अडकवतो. माणूस तोच, डोकं तेच, रस्त्याचा धोकाही तोच. हेल्मेटशिवाय आत सोडत नाहीत हे त्याला पक्कं ठाऊक असतं, एवढाच फरक. तेव्हा माणसांची शहाणे आणि बेशिस्त अशी वाटणी करण्यापेक्षा एकेक नियम हातात घ्यावा आणि विचारावं: हा मोडला तर त्रास कोणाला होतो, किती लवकर होतो आणि किती खात्रीने होतो?

स्वतःची राखण स्वतः करणारे नियम

डाव्या बाजूचा नियम मोडला तर त्रास मोडणाऱ्यालाच, आणि पुढच्या चार-पाच सेकंदांत. समोरून एसटी येत असताना तत्त्वाची चर्चा कोणी करत नाही. बाजू कोणती हेही इथे महत्त्वाचं नसतं. सगळ्यांची एकच असली म्हणजे झालं.

स्वीडनमध्ये याचा देशव्यापी प्रयोगच झाला. तिथे पूर्वी वाहतूक डावीकडून चालायची. ती उजवीकडे न्यावी का, यावर १९५५ मध्ये सार्वमत घेतलं तेव्हा सुमारे ८३ टक्के मतं विरोधात पडली. तरीही ३ सप्टेंबर १९६७ च्या पहाटे ५ वाजता सरकारने अख्खा देश उजवीकडे नेला. विरोधात मत दिलेल्यांनीही त्या सकाळी गुमान उजवी बाजू धरली. निषेध म्हणून डावीकडून गाडी हाकण्याची हौस परवडणारी नव्हती. सुरुवातीला अपघात कमीही झाले, कारण नवखेपणामुळे सगळेच जपून चालवत होते. हात बसला तसे दोनेक वर्षांत आकडे पूर्वीच्या पातळीवर आले. ही शेवटची गोष्ट ध्यानात ठेवा, वेगाच्या भागात ती पुन्हा लागेल.

गोव्याची गंमत याच जातीची. पोर्तुगालने १९२८ मध्ये डावी बाजू सोडून उजवी धरली, पण गोव्यात मात्र डावीच राहिली. हद्दीपलीकडच्या ब्रिटिश मुलखातली वाहनं डावीकडून चालत होती. लिस्बनच्या हुकमापेक्षा समोरून येणाऱ्या गाडीचं म्हणणं वजनदार ठरलं.

लाल दिवा हा अर्धाच असा नियम आहे. आडव्या रस्त्याला वाहनांची धार लागलेली असते तेव्हा सिग्नल तोडायला जागाच नसते, पोलीस असो वा नसो. धार तुटली की मोह सुरू होतो. इथे वाहनाचा आकार फार मोठं काम करतो, आणि त्याकडे सहसा कोणाचं लक्ष जात नाही. चारचाक्यांच्या एका रांगेत सिग्नल पाळायचा की नाही हे फक्त पहिला चालक ठरवतो. त्याच्या मागच्या नऊ जणांना मतच नसतं. पहिला थांबला की दहाही जण कायदा पाळणारे म्हणून मोजले जातात. दुचाकीचं उलटं आहे. ती फटीफटीतून पुढे सरकते, त्यामुळे चौकातला जवळपास प्रत्येक दुचाकीस्वार पहिल्या ओळीतच असतो आणि प्रत्येकाला स्वतंत्र निर्णय घ्यावा लागतो. मग एकाचं पुढचं चाक पांढऱ्या रेषेच्या पुढे जातं, शेजारचा त्याच्यापुढे वीतभर सरकतो, आणि वीत-वीत करत सगळी रांग झेब्रावर चढते. ‘आता रस्त्यावर उतरून सिग्नल तोडू’ असं त्यांतल्या एकानेही ठरवलेलं नसतं. दुचाक्यांनी भरलेल्या पुण्यासारख्या शहराची तुलना मोटारींच्या शहराशी करताना हा फरक आधी वजा करायला हवा.

काही वेळा चूक चालकाची नसून दिव्याची असते. ताशी ५० किलोमीटरने येणारी गाडी सेकंदाला जवळजवळ १४ मीटर कापते. पिवळा दिवा दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंत एक सेकंद धरा, म्हणजे १४ मीटर गेले. मग मागच्याने येऊन आदळू नये इतक्या बेताने ब्रेक लावला तर थांबायला आणखी ३२ मीटर लागतात. एकूण ४६. म्हणजे दिवा पिवळा झाला तेव्हा जो रेषेपासून ४० मीटरवर होता, त्याला आरामात थांबता येत नाही. आणि रेषेपर्यंत पोचायला त्याला जवळजवळ ३ सेकंद लागतात. अशा ठिकाणी पिवळा दिवा दोनच सेकंदांचा ठेवला, तर तो करकचून ब्रेक मारणार किंवा लाल दिव्यात जाणार. तिसरा पर्याय त्याच्याकडे नाही. पादचाऱ्यांचंही तसंच. माणूस सेकंदाला साधारण १.२ मीटर चालतो. २४ मीटर रुंद रस्ता ओलांडायला २० सेकंद लागतात, आणि हिरवा माणूस १२ सेकंदच दिसत असेल तर आजीबाईंना नियम मोडूनच पलीकडे जावं लागतं. चक्र लांबलं, दोन-अडीच मिनिटं थांबावं लागलं, आणि त्यातला बराच वेळ समोरचा रस्ता रिकामाच दिसत राहिला, की लोकांना वाटतं सिग्नल बिघडलाय. मग पहिला निघतो. त्याच्यामागे बाकीचे.

भीती: किती रुपयांची आणि किती वेळा

आता हेल्मेट. ते न घातल्याचा त्रास इतर कोणाला होत नाही आणि घालणाऱ्याला फायदा कधी दिसतही नाही. हजार फेऱ्यांत काहीच घडत नाही, म्हणून एक हजार एकाव्या फेरीलाही घडणार नाही असं मन सांगतं. २०२२ साली भारतात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं मेली. त्यांतली ५०,०२९ हेल्मेट न घातलेली होती. हा आकडा ऐकून हळहळणारा माणूसही कोपऱ्यावरून दूध आणायला उघड्या डोक्यानेच निघतो. अशा नियमाची राखण रस्ता करत नाही, त्यामुळे भीतीच कामाला लावावी लागते.

भीतीचे तीन घटक आहेत: शिक्षा किती मोठी, सापडण्याची शक्यता किती, आणि चूक व शिक्षा यांत किती वेळ जातो. यातला पहिला घटक सगळ्यांत कमजोर. मिलानच्या चेझारे बेकारिया याने १७६४ मध्येच लिहून ठेवलं होतं की गुन्हेगाराला आवरते ती शिक्षेची क्रूरता नव्हे, तिची खात्री.

आकड्यात पाहू. समजा एक जण वर्षाचे ३०० दिवस, जाऊन-येऊन ६०० फेऱ्या बिनहेल्मेट करतो आणि त्यात दोनदा सापडतो. महाराष्ट्रात या गुन्ह्याचा दंड ५०० रुपये धरला तर वर्षाला हजार रुपये झाले. फेरीमागे पावणेदोन रुपयेही नाहीत. हेल्मेट ठेवायला जागा नाही, केस विस्कटतात, घाम येतो, मान दुखते, या सगळ्या तक्रारींना तो पावणेदोन रुपये किंमत देऊन मोकळा होतो. पैशापेक्षा बोचणारी तरतूद वेगळीच आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४-ड नुसार तीन महिने लायसन्स निलंबित होऊ शकतं. पण ते झालेलं ओळखीत कोणी पाहिलेलं नसतं, म्हणून हिशेबात धरलं जात नाही.

मग दंड दसपट करावा का? केंद्राचा सुधारित मोटार वाहन कायदा १ सप्टेंबर २०१९ ला वाढीव दंडांसह लागू झाला. महाराष्ट्राने दोन वर्षं घासाघीस करून डिसेंबर २०२१ मध्ये, काही रकमा कमी ठेवून, तो अमलात आणला. मोठ्या दंडाची एक अडचण रस्त्यावर उभं राहिलं की लगेच दिसते. दंड २०० रुपये असेल तेव्हा पावती फाडून निघून जाणं सोपं. लायसन्सशिवाय गाडी चालवल्याचे ५,००० म्हटले की ‘साहेब, बघा ना काहीतरी’ सुरू होतं, कारण आता तोडपाण्यात दोन्ही बाजूंना गोडी असते. रक्कम वाढते आणि खात्री कमी होते. ज्या घटकाने फरक पडतो नेमका तोच ढिला होतो.

खात्री आणि तिचा देखावा यांतलं अंतर दोन देशांनी दाखवून दिलंय. ब्रिटनने ऑक्टोबर १९६७ मध्ये, म्हणजे स्वीडनने बाजू बदलली त्याच्या पुढच्याच महिन्यात, दारू पिऊन गाडी चालवणाऱ्यांसाठी श्वासचाचणी आणली. मर्यादा ठेवली १०० मिलिलिटर रक्तात ८० मिलिग्रॅम अल्कोहोल. वर्तमानपत्रांनी इतका गाजावाजा केला की लोकांना वाटलं, आता प्रत्येक कोपऱ्यावर नळी फुंकावी लागणार. शनिवार-रविवारच्या रात्रींचे अपघात झपाट्याने उतरले. पण पोलिसांना चाचणी घेता येत होती ती संशय आला, गुन्हा दिसला किंवा अपघात झाला तरच, आणि प्रत्यक्षात चाचण्या थोड्याच होत होत्या. पुढच्या काही वर्षांत दारू पिणाऱ्यांनी ते अनुभवाने ओळखलं आणि आकडे पुन्हा वर सरकले. कायदा तोच, शिक्षा तीच. भीती मात्र ओसरली.

ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्स राज्याने १७ डिसेंबर १९८२ पासून दुसरी वाट धरली. संशय असो वा नसो, रस्त्यावर आडवी नाकाबंदी लावायची आणि अडवलेल्या प्रत्येकाला नळी फुंकायला लावायची. पहिल्याच वर्षात साधारण दर तीन लायसन्सधारकांमागे एक चाचणी झाली. ज्याची झाली नाही त्याच्या मेव्हण्याची झाली होती, शेजाऱ्याची झाली होती. जीवघेणे अपघात सुमारे एक-पंचमांशाने घटले आणि ही घट टिकली. दारूच्या टेबलावर ‘मला उद्या नाका लागेल’ हे लाज न वाटता सांगण्याजोगं कारण मिळालं, हा त्यातला न मोजता येणारा फायदा.

भारतात मर्यादा ब्रिटनपेक्षा कितीतरी कडक आहे: १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम. कलम १८५ खाली पहिल्याच गुन्ह्याला १०,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. तरीही त्याचा खरा धाक दिसतो तो ३१ डिसेंबरच्या रात्री. त्या रात्री लोक आधीच ठरवतात की गाडी कोण चालवणार, कोण पिणार नाही, परतायला रिक्षा की कॅब. नाकाबंदी असणारच हे सगळ्यांना ठाऊक असतं. फेब्रुवारीतल्या एखाद्या मंगळवारी तेच लोक तोच ढाबा गाठून तीच गाडी चालवत परततात. नाके मोजकेच असले तरी चालतात. पण ते कधी आणि कुठे लागतील याचा अंदाज बांधता येता कामा नये. रोज संध्याकाळी सहा ते आठ त्याच पुलाखाली उभं राहिलं, तर लोक कायद्याऐवजी तो पूल टाळायला शिकतात.

तिसरा घटक वेळ. तत्काळ मिळणारी छोटी शिक्षा काय करते ते आपल्याच मोटारीत ऐकू येतं. पट्टा लावला नाही की गाडी टुंग टुंग करते. दंड शून्य, पण ही टुंग टुंग चूक होते त्याच क्षणी सुरू होते, कोणाची ओळख चालत नाही, आणि पट्टा लावेपर्यंत थांबत नाही. लोकांना ती इतकी नको होते की नुसती बकल विकत आणून खाचेत अडकवण्याचा धंदा चालला. मे २०२३ मध्ये केंद्राच्या ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑनलाइन विक्रेत्यांना अशी बकलं विकणं थांबवायला लावलं. मागच्या सीटवरचा पट्टाही बंधनकारक आहे, केंद्रीय मोटार वाहन नियम १३८(३) नुसार, पण तिथे बहुतेक गाड्यांना हा आवाज नव्हता आणि पट्टा सीटकव्हरखाली गडप. ४ सप्टेंबर २०२२ ला पालघर जिल्ह्यात उद्योगपती सायरस मिस्त्री यांच्या गाडीला अपघात झाला, मागे बसलेले दोघे गेले आणि पुढचे दोघे वाचले. तेव्हा कुठे अनेकांना असा नियम आहे हे कळलं. माहीत नसलेला नियम पाळण्याचा प्रश्नच येत नाही.

मुंबई पोलिसांचा हॉर्नचा प्रयोग याच मापाचा होता. जानेवारी २०२० मध्ये त्यांनी त्याचा व्हिडिओ दाखवला: सिग्नलला आवाज मोजणारं यंत्र जोडायचं, आणि आवाज ८५ डेसिबलच्या वर गेला की लाल दिव्याची उलटी मोजणी पुन्हा पहिल्यापासून. ज्याने वाजवला त्याला शिक्षा लगेच, आणि आजूबाजूच्यांनी त्याच्याकडे वळून पाहणं ही त्याच्या वरची.

आता ई-चलान घ्या. कॅमेरा चुकत नाही, तोड करत नाही, म्हणजे खात्री वाढते. पण वेळेच्या बाजूने तो मार खातो. मेसेज जातो गाडीच्या नोंदणीत असलेल्या मोबाइलवर. गाडी सेकंडहँड असेल, नंबर जुन्या मालकाचा किंवा एजंटचा असेल, तर आठ-दहा चलनं साठल्यावर, गाडी विकताना किंवा नाक्यावर अडवल्यावर, कळतं. तोवर चूक विसरलेली असते. उरतो तो फक्त राग. वर चलन मालकाच्या नावाने येतं, गाडी भाच्याने चालवलेली असते. मग थकबाकी साचली की सवलतीची मोहीम निघते. तेलंगणाने मार्च २०२२ मध्ये दुचाकीस्वारांकडून चतुर्थांश रक्कम घेऊन बाकी माफ केली. कर्नाटकने फेब्रुवारी २०२३ मध्ये निम्मी सूट दिली. तिजोरी भरते, यात शंका नाही. पण ज्याने वेळेवर पूर्ण दंड भरला तोच मूर्ख ठरतो, आणि पुढच्या वेळी तोही लोकअदालतीची वाट बघत बसतो.

यातून आपल्यापुरती वाट अशी. परिवहन विभागाच्या वाहन पोर्टलवर आपल्या गाडीपुढचा मोबाइल क्रमांक तपासा आणि चुकीचा असेल तर बदलून घ्या. नोंदणी क्रमांक, चासी आणि इंजिन क्रमांक हाताशी ठेवा. सेकंडहँड गाडी घेताना पैसे देण्याआधी प्रलंबित चलनं पाहा. चलन आलं तर महाट्रॅफिक अ‍ॅपवर फोटो उघडा: नंबरप्लेट आपलीच आहे का, गाडीचा रंग-मॉडेल जुळतं का, त्या वेळी गाडी खरंच तिथे होती का. जुळत नसेल तर तिथेच तक्रार नोंदवता येते. ८ चा ३ आणि बी चा डी वाचला जाणं ही नेहमीची गफलत, आणि फॅन्सी अक्षरांच्या प्लेटमुळे दुसऱ्याचं चलन भलत्याच्याच गळ्यात पडतं.

न्याय वाटला पाहिजे

भीतीने जेवढं काम होतं तेवढं झाल्यावरही बरंच उरतं. टॉम टायलर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९८४ मध्ये शिकागोतल्या दीड हजारांहून अधिक लोकांना विचारलं की ते रोजचे कायदे, त्यात पार्किंगचे आणि वेगाचेही आले, किती पाळतात आणि पोलिसांशी, कोर्टाशी त्यांचा अनुभव कसा होता. सापडण्याच्या भीतीपेक्षा जास्त वजन पडलं ते एका वेगळ्याच गोष्टीचं: कायदा राबवणाऱ्यांना तो अधिकार आहे आणि ते तो सरळपणे वापरतात, असं वाटतं का? अशी खात्री वाटणारे लोक दंड झाल्यावरही कायदा पाळत राहिले. दंड किती झाला यापेक्षा आपलं म्हणणं ऐकून घेतलं का, नीट बोलले का, आणि आपल्याला जो नियम तोच दुसऱ्याला लावला का, यावर त्यांचं मत ठरत होतं.

हे आपल्या नाक्यावर आणून ठेवा. बाहेरच्या जिल्ह्याच्या पासिंगची गाडी तेवढी बाजूला घेतात, गोव्यात एमएच पाहिलं की हात आडवा येतो, ही तक्रार सर्रास ऐकू येते. ती दरवेळी खरी असेलच असं नाही. पण ती खरी वाटली तरी नुकसान होतं, कारण त्या क्षणी चालकाच्या डोक्यात ‘मी चुकलो’ याच्या जागी ‘मी सापडलो’ येतं. बिनहेल्मेट वर्दीवाला शेजारून गेला, लाल पाटीची गाडी सिग्नल तोडून गेली, की तीच गत. उलट, पुण्यात हेल्मेटसक्तीविरुद्ध निघालेले मोर्चे आठवा. तिथे मुद्दा दंडाचा कमी आणि ‘आमच्या डोक्याचं आम्ही बघू’ याचा जास्त होता. अशा माणसापुढे दंडाची पावती नाचवली तर तो नियम पाळेल, पण पोलिसापुरता: अर्धी टोपी घेईल, पट्टा मोकळा सोडेल. पडल्यावर असं हेल्मेट डोक्याआधी रस्त्यावर पोचतं. आयएसआय खूण असलेलं, पट्ट्याखाली जेमतेम दोन बोटं जातील इतकं घट्ट बांधलेलं हेल्मेट वापरतो तो स्वतःसाठी घालणारा.

भीती आणि सवय यांची झटापट सगळ्यांत स्वच्छ दिसली ती न्यूयॉर्कमध्ये. संयुक्त राष्ट्रांतल्या परदेशी मुत्सद्द्यांना पार्किंगचा दंड वसूल होत नसे, म्हणजे भीती शून्य. १९९७ ते २००२ या काळात त्यांनी न भरलेल्या पावत्यांची संख्या दीड लाखाच्या वर गेली. पण सगळे सारखे नव्हते. माणशी थकबाकीत कुवेत सर्वांत वर, तर स्वीडन, नॉर्वे, जपान यांची पाटी कोरी. मायदेशातली सवय ते बरोबर घेऊन आले होते. मग २००२ मध्ये शहराने थकबाकीदारांच्या राजनैतिक नंबरप्लेटच काढून घ्यायला सुरुवात केली. उल्लंघनं जवळपास ९८ टक्क्यांनी खाली आली. एवढी जुनी सवय, पण पाटी जाणार म्हटल्यावर टिकली नाही.

वेग: न जाणवणारा गुन्हा

सिग्नल तोडताना आपण काहीतरी करतोय हे कळतं. वेग वाढवताना कळत नाही. समृद्धी महामार्गावर दोन तास १२० ने चालवून उतरलेल्या माणसाला फाट्यावरचा ४० चा वेग म्हणजे बैलगाडी वाटते. प्रत्यक्षात तो ७०-७५ वर असतो आणि शपथेवर ५० सांगतो. कारण शरीर वेग मोजत नाही, वेगातला बदल तेवढा मोजतं. आवाज न करणाऱ्या नव्या गाड्यांनी उरलीसुरली खूणही काढून घेतली. उतरल्यावर पहिली पाच-दहा मिनिटं काट्याकडे पाहूनच चालवावं, अंदाजाने नको.

दहा किलोमीटरने काय होतं? कोरड्या रस्त्यावर, दीड सेकंदाची प्रतिक्रिया आणि जोरदार ब्रेक धरला, तर ५० च्या वेगाने येणारी गाडी साधारण ३५ मीटरवर थांबते. ६० ची ४५ मीटरवर, ८० ची ६९, १०० ची ९७ मीटरवर. आता ३५ मीटरवर एक मूल रस्त्यात आलं असं समजा. ५० वाला त्याच्यापाशी येऊन थांबतो. ६० वाल्याचे २५ मीटर प्रतिक्रियेतच जातात, उरलेल्या दहा मीटरमध्ये ब्रेक लागून तो मुलावर आदळतो तेव्हाही त्याचा वेग ताशी ४३ च्या आसपास असतो. वेग दहाच जास्त, म्हणजे ताशी दहानेच, हळू आदळेल असं मनात येतं. घडतं ते हे. बदल्यात वाचतं काय, तर मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाच्या साडेचौऱ्याण्णव किलोमीटरला १०० ऐवजी १२० ने गेल्यास साडेनऊ मिनिटं, तीही घाट आणि टोलनाका नाही असं मानलं तर.

एका खांबावरचा कॅमेरा फक्त त्या खांबापाशी वेग उतरवतो. पुढे पाय पुन्हा खाली जातो. दोन खांबांमधला सरासरी वेग मोजणारी पद्धत त्यामुळे जास्त चोख. १५ किलोमीटरचं अंतर १०० च्या मर्यादेत ९ मिनिटांत कापता येतं. साडेसात मिनिटांत दुसऱ्या खांबापाशी हजर झालात तर सरासरी १२० झाली, मध्ये कुठे ब्रेक मारला याला अर्थ नाही.

पाटीवरच्या आकड्याचीही पत असते. काम संपून वर्ष झालं तरी ‘पुढे काम चालू आहे, २०’ ही पाटी रुंद मोकळ्या बायपासवर उभी राहते. तिथे २० ने कोणीच जात नाही, आणि जाणाऱ्याला मागून ट्रकची धडक बसेल. अशा चार पाट्या पाहिल्या की पाचवी, खरोखरच्या शाळेपुढची पाटीही तशीच वाटते. रस्ता अरुंद केला, वळण दिलं, कडेला झाडं आली, की पाटी नसतानाही पाय वर येतो. स्वीडनच्या त्या पहिल्या महिन्यांत झालं ते हेच: रस्ता अनोळखी वाटला म्हणून सगळे जपून होते. गतिरोधकाचं काम तेच, फक्त मापात हवं. ताशी २५ साठी प्रमाण माप १० सेंटीमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद असं आहे. गल्लीत रातोरात उठवलेला हातभर रुंदीचा उंचवटा त्यात बसत नाही. तो अँब्युलन्समधल्या रुग्णाचं हाड हलवतो, आणि दुचाकीवाला त्याच्या टोकाकडच्या फटीतून, म्हणजे नेमका पादचाऱ्यांच्या अंगावरून, निघून जातो.

एकट्याने पाळणं अवघड असतं तेव्हा

सिग्नल नसलेल्या झेब्रावर पादचाऱ्यासाठी थांबणं हा सगळ्यांत कमी पाळला जाणारा नियम, आणि त्यात नुसता उद्धटपणा नाही. मागचा थांबेल याची खात्री नसते. शेजारच्या पट्ट्यातला तर नक्कीच थांबत नाही. त्याला थांबलेल्या गाडीआडचा माणूस दिसतच नाही. म्हणून थांबणाऱ्याने भलेपणाने हात दाखवून माणसाला पुढे बोलावू नये. आधीच वेग उतरवत यावं, झेब्राच्या पाच-सात मीटर अलीकडे थांबावं म्हणजे शेजारच्याला पलीकडचं दिसतं, आणि आरशात मागचा रोखलेला दिसेपर्यंत ब्रेकवरचा पाय काढू नये.

राँग साइडचा हिशेब रस्ता बांधणाऱ्याने चुकवलेला असतो. दुभाजकाची फट एक किलोमीटर पुढे, म्हणजे नियमाने गेलं तर दोन किलोमीटर, पाच मिनिटं. उलटं गेलं तर शंभर मीटर, वीस सेकंद. कलम १८४ खाली हे धोकादायक वाहन चालवणं ठरतं. पहिल्या गुन्ह्याला सहा महिने ते वर्षभर कैद किंवा १,००० ते ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. पण रोजच्या वीस सेकंदांपुढे ते दूरचं वाटतं. धोका मात्र नेहमीचा नाही. तुम्ही ४० ने, समोरचा ६० ने, म्हणजे अंतर ताशी १०० च्या वेगाने संपतं, आणि रस्ता ओलांडणारा माणूस तर उजवीकडेच बघत असतो. ऊस हंगामात कोल्हापूर-सांगलीकडे रात्री रिफ्लेक्टर नसलेली ट्रॉली अशी उलटी येते तेव्हा समोरच्याला दिसतो तो ट्रॅक्टरचा एकच दिवा, मोटारसायकलसारखा.

आणि काही चालकांचं घड्याळ दुसऱ्याच्या हातात असतं. खेपेवर पैसे मिळणारा ट्रकवाला, ऑर्डरवर मिळणारा डिलिव्हरीवाला. त्याला लाल दिव्याचे ९० सेकंद थेट कमाईतून कापले जाताना दिसतात. एसटीचा चालक त्याच रस्त्यावर, त्याच घाईत, बहुधा जास्त बेताने चालवतो; त्याचा पगार फेरी सात मिनिटं उशिरा पोचल्याने कमी होत नाही, आणि लायसन्सवर डाग पडला तर नोकरीच अडचणीत येते. पहिल्या दोघांना सुरक्षा सप्ताहात गुलाबाचं फूल देऊन फारसं काही होत नाही.

राहिला रात्री दीडचा रिकामा चौक. तिथे लाल दिव्याला थांबणारा माणूस बावळट ठरू नये म्हणून बऱ्याच ठिकाणी रात्री उशिरा सिग्नल ब्लिंकरवर टाकतात. लुकलुकणारा पिवळा म्हणजे वेग उतरवा, दोन्हीकडे पाहा आणि जा. लुकलुकणारा लाल म्हणजे रेषेपाशी पूर्ण थांबा, रस्ता मोकळा असल्याची खात्री करा, मग जा. तो साध्या पिवळ्यासारखा नव्हे, थांबा पाटीसारखा वाचायचा. मोठ्या रस्त्याला पिवळा आणि त्याला मिळणाऱ्या छोट्या रस्त्याला लाल अशी जोडी असेल तर आधी जाण्याचा हक्क मोठ्या रस्त्याचा. आणि चारही बाजूंचे दिवे बंदच असतील, तर चौकात उजव्या हाताने येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं.